सोमवारी न जुपलेली गाडी

आमच्या गावातली माणसं त्या काळी तीनच कारणांनी शीव ओलांडत: लगीन, मयत आणि कचेरीचं बोलावणं. नुसतं बघायला म्हणून कुणी गाडी जुपत नसे. माझ्या वडिलांनी जुपली. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. निजामाची राजवट होती, मी नऊ-दहा वर्षांची होते, आणि आप्पांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढणं माझ्या आईला, म्हणजे मायलाही, जमत नसे. वैशाखाच्या उन्हात बायकोपोरीला गाडीत घालून देवळं आणि डोंगर दाखवत निघालेला माणूस पाहून गाव हसलं. गावाला हसायला काय लागतं? त्या हसण्याचा मला राग नाही. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो माझा माझ्यावरच आहे.

निमित्त होतं माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं. तिला धर्मापुरीजवळच्या एका खेड्यात दिलेलं. दोन उन्हाळे झाले, ती माहेरी आली नव्हती. तिच्या सासरी दोन सुना, आणि सासूचा, आक्काच्या आत्याबाईचा, नेम असा की दोघींना एकदम सोडायचं नाही. जिचा मुऱ्हाळी माहेराहून न्यायला गाडी घेऊन आधी दारात येईल, तिनं उन्हाळाभर माहेरी जायचं; दुसरीनं घर सांभाळायचं. थोरल्या जावेचं माहेर तीन कोसांवर, त्यामुळे तिचा भाऊ दरसाल पहिला. आमचं गाव लिंबागणेशच्या अलीकडं, पाच दिवसांची वाट. आमचं आपलं दरसाल वरातीमागून घोडं.

त्या साली मात्र सासूनं आपण होऊन निरोप धाडला. बांगड्या घेऊन फिरणाऱ्या कासारानं तो ओट्यावर बसून शब्दाला शब्द सांगितला. "धाकटीचा बाप सोमवारी दिवस मावळायच्या आत गाडी घेऊन दारात आला, तर औंदा धाकटी जाईल. तवर थोरलीला मी धरून ठिवते. मागून माज्याकडं बोट दावू नका." खोटं कशाला बोलू, बाई न्यायाची होती. निरोप संपल्यावर कासार जरा घुटमळला आणि स्वतःच्या मनानं म्हणाला, "पोरगी लई वाळलीय, आप्पा. मनगटात बांगडी ठरंना झालीय." माय उठून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आप्पांनी बोटांवर हिशेब केला. बुधवारी निघालं की रविवारी दिवेलागणीला पोचायचं. सोमवारी बैलं बसतील, मंगळवारी पोरीला घेऊन परत. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचा, म्हणून बैलांचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे आमच्याकडं लेकराला चालायला यायच्या आधी कळतं.

शेजारचे काका म्हणाले, "एकटाच जाय बे. चार दिसांत पोचशील. बायकापोरी कावून नेतो संगं?"

"जायचंच हाय, तर बघत बघत जाऊ," आप्पा म्हणाले. "ह्यांनी जल्मात काय बघितलंय? चूल आन् हीर."

गाडीवर सावलीला तट्ट्या बांधला, खाली कडबा अंथरला, त्यावर वाकळ. भाकरी, ठेचा, पाण्याची घागर आणि आक्कासाठी शेवयांचं गाठोडं. लिंबागणेशला गणपतीच्या पाया पडलो. आप्पांनी देवळाचा एकेक खांब मला हात लावून दाखवला, जणू त्यांनीच तो घडवला होता. मांजरसुंब्याच्या घाटात आम्ही उतरून चाललो, आणि बैल थांबले की मी चाकामागं धोंडा लावायची. ते काम मला लई आवडलं. संध्याकाळी कपिलधारला पोचलो.

आणि तिथं मी भोकाड पसरलं. आप्पांनी वाटभर धबधब्याचं वर्णन करून ठेवलेलं: असा पडतो, तसा गाजतो, बोललेलं ऐकू येत नाही. वैशाखात कुठला धबधबा? काळ्या कड्यावरून करंगळीएवढी धार येत होती. मला वाटलं, आपल्याला फसवलं. देवळातला गुरव माझी समजूत काढायला म्हणाला, "रडू नकोस गं. पहाटं मोर येतेत पान्याला. लई येतेत." भल्या माणसानं भल्यासाठीच सांगितलं.

पहाटे मला जाग आली नाही. उठले तेव्हा ऊन कड्यावर आलं होतं, मोर येऊन गेले होते, आणि आप्पा बैलांना जू लावत होते. मी चाकाला मिठी मारून बसले. मोर बघितल्याशिवाय येणार नाही. मायनं एक धपाटा घातला, तरी सोडलं नाही. आप्पांचा माझ्यावर जीव होता. तो त्यांचा मोठाच दोष होता. त्यांनी वर बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि जू खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ आजचा दिस," ते म्हणाले. "एका दिसानं काय हुतंय? म्होरं रेटू."

माय काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मी नंतर खूपदा म्हटलं आहे. पण हेही माझं आपलं दुसऱ्याच्या गळ्यात घालणंच.

शुक्रवारी पहाटे मोर आले. अकरा होते. कड्याच्या सावलीतून एकामागून एक उतरले, पिसारे ओल्या दगडांवरून ओढत, आणि माना वाकवून पाणी प्याले. आप्पांनी मला खांद्यावर घेतलं होतं आणि त्यांचा श्वाससुद्धा थांबला होता. इतकं सुंदर मी पुढंही फारसं काही पाहिलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

गेलेला दिवस काही भरून निघाला नाही. दहाच्या पुढं बैल उन्हात पाय उचलेनात, जिभा बाहेर येत. दुपारभर बाभळीखाली थांबावं लागे. नेकनूर मागं पडलं, केज मागं पडलं, आणि जिथं शनिवारी असायचं त्या अंबाजोगाईला आम्ही रविवारी दिवस मावळताना टेकलो. कचेरीच्या कागदांवर त्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, पण आमच्यासाठी ती जोगाईच. नदीकाठी, जुन्या लेण्यातल्या दगडी हत्तींपासून थोड्या अंतरावर गाडी सोडली. आक्काचं गाव तिथून आठ कोस. एका दिवसाची वाट. आणि उजाडणार होता सोमवार.

सकाळी डोळे उघडले तेव्हा मायनं स्वतः जू उचललं होतं. बाईमाणसानं असं केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ती बैलांपुढं उभी राहिली, आणि शहाण्या जनावरांनी सवयीनं माना पुढं केल्या. आप्पा आंघोळ करून ओल्या धोतरानं आले.

"ठिव खाली," ते हळूच म्हणाले.

"दिस मावळायच्या आत पोचू. आत्ता निगालो तर पोचू."

"सोमवार हाय."

"मला ठावं हाय सोमवार हाय! तिकडं माजी पोर दारात बसली आसंल!"

आप्पांचे थोरले भाऊ एका सोमवारी गाडी जुपून गेलेले. वाटेत त्यांचा बैल बसला तो उठला नाही, आणि महिन्याच्या आत घरातलं तान्हं लेकरू गेलं. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं आता कुणीही विचारील. मीही विचारते. पण त्या लेकराला मूठमाती देताना आप्पा तिथं होते, मी नव्हते. त्यांनी मायपुढं हात जोडले. नवऱ्यानं बायकोपुढं हात जोडलेले बघून मी गाडीमागं जाऊन उभी राहिले. "मला न्हाई हुनार," ते म्हणाले. "तू जुप म्हन, मी मरंन, पन मला न्हाई हुनार."

तेवढ्यात गावातल्या लष्करी छावणीतले घोडेस्वार रस्त्यानं धूळ उडवत दौडत गेले. मायनं त्यांच्याकडं हात केला. "ते बघा. त्यांना न्हाई व्हय सोमवार?"

"ते सरकारचे हायती," आप्पा म्हणाले. मायच्या हातातून त्यांनी जू घेतलं आणि गाडीला टेकवून ठेवलं.

दुसऱ्या कुणाची गाडी मागावी, तर त्या मुलखात सोमवारी एक चाक हलत नव्हतं. शेवटी आप्पांनी पटका बांधला, भाकरी फडक्यात घेतली आणि पायीच निघाले. जाऊन निदान सांगता येईल, गाडी उद्या येते, एक दिवस थांबा. मायला म्हणाले, "बाई न्यायाची हाय. ऐकंल."

तो दिवस कसा काढला ते सांगता येणार नाही. मी दगडी हत्ती बघायला गेले नाही. माय गाडीच्या सावलीत बसून होती. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि मी तिच्याजवळ जायला भीत होते. बैल मात्र मजेत होते. पाणी पिऊन, कडबा खाऊन, पोटं टम्म करून रवंथ करत बसले होते. ते आक्काला आणायला सहज जाऊ शकले असते, आणि आम्ही चौघं, बैल धरून, तिथंच बसून होतो. मला त्या मुक्या जनावरांचा इतका राग आला की मी एकाला ढेकूळ मारलं. त्यानं कान हलवला.

आप्पा मंगळवारी दुपारी परत आले. तळपायाला फोड, ओठ फुटलेले. मायनं आधी पाणी दिलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि तिला कळलं.

ते दिवस मावळायच्या आत पोचले होते. आक्का पहाटेपासून नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून तयार होती. थोरल्या जावेच्या भावाची गाडीही रविवारीच येऊन अंगणात सुटलेली होती; बिचारा शब्दाप्रमाणे वाट बघत होता. सासूनं विचारलं, "गाडी कुटं हाय?" आप्पांनी सोमवार सांगितला. ती म्हणाली, "सोमवार आमालाबी हाय, पाव्हणं. म्हनून तर मानसं आइतवारी येतेत." मग आप्पा म्हणाले, पायी नेतो. ती म्हणाली, "वैशाखात माजी सून आठ कोस चालत धाडू? लोक माज्या तोंडात शेन घालतील." एक दिवस मागितला, तर तिनं अंगणातल्या गाडीकडं बोट केलं. "त्यांनाबी सबुद दिलाय मी." ती कुठं चुकत होती? लेकीला अजून लेकरू नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे तिच्या घरचं पाणीही आप्पांना चालत नव्हतं. ते तसेच तहानलेले देवळाच्या ओवरीत जाऊन पडले, आणि उजाडताना थोरलीची गाडी रस्त्यानं जाताना त्यांनी बघितली.

माय म्हणाली, "जुपा आता. तिचं त्वांड तरी बघू द्या."

बुधवारी सकाळी आम्ही धर्मापुरीला पोचलो. त्या देवळाच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बायका आहेत, आणि त्या बघायला लोक लांबून येतात. आम्ही त्यांच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत बसलो. आप्पांच्या निरोपावरून सासू आक्काला देवदर्शनाला म्हणून घेऊन आली. "दिस डोक्यावर येईस्तोवर बसा," ती म्हणाली. "मग दळान हाय, आता घरात ती एकलीच हाय." आणि आमचं बोलणं कानावर पडू नये म्हणून ती लांब लिंबाखाली जाऊन बसली.

आक्का सतरा-अठरा वर्षांची असेल. मनगटं काडीसारखी, हाताला जात्याचे घट्टे. मायनं तिचे हात हातात घेतले. आक्कानं सगळ्यांकडं बघून हसण्याचा प्रयत्न केला आणि विचारलं, "उशीर कावून झाला, आप्पा?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बैल लंगडाया लागलं वाटंत," ते म्हणाले.

"आसू द्या," आक्का म्हणाली. "मुकं जनावर."

मी गप्प राहिले. तेव्हाही, आणि तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्यातही.

मायला तिला किती विचारायचं होतं. खातेस का, मारतात का, दुखतं का काही. तिनं शेवयांचं गाठोडं सोडलं, पहाटे वाटेवर भाजलेले धपाटे काढले. आक्कानं एक तुकडा तोंडात घातला, मायच्या मांडीवर डोकं टेकलं, म्हणाली, "सांग की माय, गावाकडचं सांग," आणि घास गिळायच्या आत तिला झोप लागली. तोंड उघडं, हातात धपाट्याचा तुकडा तसाच. आप्पा म्हणाले, "उठवू का?" मायनं नको म्हणून मान हलवली. आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो. ऊन सरकत पायरीवर आलं, मग आमच्या पायांवर आलं. भेटीचा सगळा वेळ ती झोपली, आणि तो आम्हाला कुणाकडून वाढवून घेता येत नव्हता. आप्पा तोंडात पटक्याचं टोक धरून रडत होते.

लिंबाखालून सासू उठली. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. मायनं आक्काच्या खांद्याला हात लावला. आक्का दचकून एका झटक्यात उठून बसली, डोळे धड उघडलेही नव्हते, पदर डोक्यावर ओढत मायलाच म्हणाली, "उठले, आत्याबाई, उठले. आत्ता बसते दळाया."

माय तिला मी तुझी आई आहे असं म्हणाली नाही. तिनं आक्काच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि म्हणाली, "व्हय बाई. ऊठ."