शेवटच्या खेळाचं एकच तिकीट

खडकीतली शांतिसागर टॉकीज बंद पडून तेवीस वर्षं झाली, तरी तिचे ऑपरेटर जयसिंगराव मोहिते अजून केबिनमधून खाली उतरलेले नाहीत. फेसबुकवर त्यांनी टॉकीजच्या चाहत्यांचा ग्रुप काढलाय. सभासद चार हजार. टॉकीजमध्ये खुर्च्या होत्या साडेसहाशे! रोज सकाळी ‘माहीत आहे का?’ म्हणून ते एखादी जुनी गोष्ट टाकतात. शुक्रवारी मात्र कबुल्या. लोक नाव लपवून लिहितात: कोणी भिंतीवरून उडी मारून आत शिरलेला, कोणी बाल्कनीतली गादी फाडलेली.

जयसिंगरावांची सगळ्यात लाडकी गोष्ट ठरलेली. शेवटच्या दिवशी दुपारच्या खेळाला एकच तिकीट खपलं. मॅनेजर म्हणाला, रद्द करू. हे म्हणाले, "एक तर एक, लावणारच." चौदा रिळं त्यांनी एका माणसासाठी चालवली. तो माणूस कोण, यावर ग्रुपमध्ये दरवर्षी वाद रंगतो.

गेल्या शुक्रवारी कबुली आली.

"ती प्रेक्षक मी होते. घर सोडून निघाले होते. गाडीला वेळ होता म्हणून बसले. नवऱ्याने मला एकदाही पिक्चरला नेलं नव्हतं. आणि तो ऑपरेटर एका परक्या बाईसाठी अख्खा खेळ चालवत होता. फार रडले. गाडी निघून गेली, मी घरी परत आले."

ग्रुपला नाव दिसत नाही. ॲडमिनला दिसतं, हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं. नाव होतं शैला मोहिते. ते खातं जयसिंगरावांनीच बायकोला उघडून दिलं होतं.

घरात त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या: हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल. चहा गार झाला. मंजुरीच्या बटणावर बोट जाई आणि मागे येई. छापावं तर चार हजार लोक त्या नवऱ्याला शिव्या घालणार आणि त्याच दमात ऑपरेटरला सलाम ठोकणार. दडपावं तर ती वाट बघत राहणार. आत दर पाच मिनिटांनी ती मोबाइल उघडून बघतच होती. केबिनच्या झरोक्यातून त्या दिवशी पदर घेतलेलं एक डोकं दिसलं होतं. ते आपल्याला ओळखूही येऊ नये, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"शैला, संध्याकाळी पिक्चरला येतेस?"

तिचं लाटणं थांबलं. "ॲडमिनला नाव दिसतं वाटतं?"

"दिसतं."

"मग छापा की." तिने पोळी तव्यावर टाकली. "आणि तिकीट एकच काढा. मला एकटीने बघायची सवय आहे."