न पाहता लिहिलेलं ‘छान’

माझी धाकटी जाऊ पेडगावला राहते आणि स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. चॅनल सुरू कर म्हणून मीच तिच्या मागे लागले होते. ‘तुझ्या हाताला चव आहे, बोलतेसही गोड, लोक बघतील,’ असं म्हणून मोबाईल लावायचा स्टँडही परभणीहून मीच नेऊन दिला. तिथे माझं काम संपलं, असं मी धरून चालले असावे. नवा व्हिडिओ आला की घरच्या ग्रुपवर लिंक यायची. मी ऑफिसात बसल्या बसल्या ती उघडायचे, खाली ‘खूप छान’ नाहीतर ‘तोंडाला पाणी सुटलं’ लिहायचे आणि बंद करायचे. पहिली कमेंट बहुतेक माझीच असायची. त्याचं मला कौतुकही वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात जिंतूरला नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. जाऊ आली नव्हती. जेवताना शेजारी बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, “तुमच्या जाऊबाईच्या आईचं लय वाईट झालं हो. पोटच्या लेकीला वळखंना झाली. तिनं व्हिडिओत सांगितलं तवा माझ्या डोळ्याला पाणी आलं. तुमाला तर म्हाईतच असंल.”

मी मान हलवली. मला काहीही माहीत नव्हतं.

हात धुतले आणि मांडवामागे गेले. तिथे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या आडोशाला उभी राहून मोबाईल काढला. अंबाडीच्या भाजीचा व्हिडिओ होता. जाऊने पाला उकडून आंबट पाणी काढून टाकलं, डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून भाजी घोटली, वरून लसणाची फोडणी ओतली. चर्र आवाज विरला तरी ती काही बोलेना. मग पातेल्याकडे बघतच म्हणाली, “ही माझ्या आईची भाजी. परवा माहेरी पालमला गेले, तर आई मला म्हणाली, बाई, तुमी कुणाच्या?” पदराने नाक पुसलं आणि भाकरीवर ही भाजी कशी घ्यायची ते सांगायला लागली.

खाली पहिली कमेंट माझी. ‘वा! तोंडाला पाणी सुटलं.’ पुढे जीभ काढून हसणारे चेहरे.

त्याखाली कुणा अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, ‘ताई, फोडणीनंतर तुम्ही गप्प झालात, तिथे मी व्हिडिओ थांबवून बसले. माझ्या सासूबाईंचंही असंच झालं होतं. त्या माणसं विसरल्या, चव नाही विसरल्या. ही भाजी आईला एकदा तुमच्या हाताने भरवा. मला ओळखलं का, असं विचारू नका. नुसतं भरवा.’

मी घाईघाईने माझी कमेंट काढून टाकली. कुणी बघत तर नाही ना, म्हणून मागे वळूनही पाहिलं.

पुढच्या रविवारी एसटीने पेडगावला गेले. जाऊ भाकरी थापत होती. मी पाटावर बसले आणि म्हणाले, “आईचं मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की,” ती तव्याकडे बघत म्हणाली. “सगळ्यांनाच सांगितलं.”

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “कमेंट काढलीत व्हय?”

“लाज वाटली गं.”

“तुमी बघत न्हाईत ते मला म्हाईत होतं, ताई. एकदा माझ्या चुकीनं व्हिडिओत आवाजच आला नव्हता. तरी तुमी लिहिलं, आवाज किती गोड!” ती हसली. मला काही हसता आलं नाही. “पण र्‍हाऊ द्यायची होती. घरचं कुणीतरी दिसतंय खाली, तेवढंच बरं वाटतंय.”

तिने रागावून चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मग तिने सांगितलं, डब्यात भाजी घेऊन ती पालमला गेली होती. “मला तर परत जायची हिंमतच होत नव्हती. पुन्हा तेच इचारलं आईनं तर काय करू? त्या बाईनं लिवलं म्हणून गेले. भरवलं. आई म्हणली, मीठ कमी हाय.”

“तुला ओळखलं?”

“न्हाई. पण पुढच्या घासाला परत तोंड उघडलं.”

आता मी तिचे व्हिडिओ शेवटपर्यंत बघते. परवा ‘अंबाडीचं पाणी सगळं काढायचं की थोडं ठेवायचं?’ एवढंच विचारलं, तर तिने खुलासेवार उत्तर दिलं, जणू वाटच बघत होती. ते वाचूनही मला बरं वाटलं नाही. इतके दिवस हे एवढंच तर करायचं होतं.

त्या अनोळखी बाईंना मी आभाराच्या दोन ओळी लिहिल्या, मी तिच्या घरचीच असल्याचं सांगितलं. त्यांनी उलट लिहिलं, ‘तुम्ही जवळच्या आहात, जाऊन बसू शकता. मी लांबची, मला लिहिण्यापलीकडे काय करता येणार?’

त्यांच्या बोलण्याचा तो रोख नसेल, पण मला लागायचं ते लागलं. उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी ते तसंच सोडलं आणि जाऊला फोन लावला.

“पालमला कधी निघालीस?”

“रविवारी. का वं?”

“मीपण येते.”

“या. पर आईजवळ बसलात की लवकर उठायची घाई करू नका.”