आकाराम पैलवानाच्या मांड्या

आकाराम पैलवानाची कुस्ती सुटून तीस वर्षं झाली, पण खुराक काही सुटला नाही. आता काम काय, तर कागलच्या एमआयडीसीत गेटवर खुर्ची टाकून बसायचं. तरी संध्याकाळी गवळ्यांच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत पिळलेलं म्हशीचं दूध लिटरभर, आणि भाकरीवर तुपाची धार! वर मांडीवर थाप मारून म्हणणार, “बघा की, अजून दगड हाय!”

“दगड डोक्यात हाय,” त्याची बायको शालूबाई फणकारायची.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनला दोनदा नेला आणि शुगर तीनशेच्या वर म्हणून दोनदा परत पाठवला. परवा तर कट्ट्यावर म्हशीलाच “पावणं, सरका की जरा” म्हणाला, आणि ती हलली नाही म्हणून चिडला! असल्या आंधळ्याला गेटवर किती दिवस ठेवतील?

बरं, साखर सोडलेली, गूळ सोडलेला, भाताकडं तर बघतही नव्हता. तरी तिसरा रिपोर्ट तीनशे बारा. शालूबाई दवाखान्यातच कडाडली, “चोरून जिलेबी हाणता न्हवं?”

“आईशप्पत न्हाय!”

“खरं बोलत असतील ते, काकू,” डॉक्टर वल्लरी म्हणाल्या. “काका, तूप किती खाता?”

“तुपात कुठं साखर असतीय, मॅडम?” पैलवान हसला. एवढी शिकलेली बाई, आणि एवढंही कळेना!

“तुपात नसते. पण रक्तातली साखर स्नायूंनी आत ओढून घ्यायची असते, आणि ‘घे’ म्हणून सांगायचं काम इन्शुलिनचं. तुमच्या मांडीच्या पेशींत चरबी साचलीय. त्यांना इन्शुलिनचं सांगणं पोचतच नाही. मग साखर राहते रक्तातच.”

पैलवानाचा मांडीवरचा हात आपोआप उचलला गेला. शालूबाईला कोण आनंद! “सांगा, चांगलं खडसावून सांगा! माझं कुठं ऐकत्यात?”

“रोज किती चमचे तूप?”

“मला काय म्हाईत? वाढणारी ही,” आकाराम म्हणाला. “भात बंद केल्यापासनं जरा सढळ वाढती.”

डॉक्टरांनी शालूबाईकडं पाहिलं. भात तुटला, माणूस वाळंल, या धास्तीनं सहा महिने तीच वाटीनं तूप ओतत होती. तो पुरे म्हणाला तरी ओतत होती.

“तिला बोलू नगा, मॅडम,” आकाराम घाईनं म्हणाला. “उपाशी ऱ्हाईन म्हणून घालती बिचारी.”

शालूबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडतेय हे त्याला धड दिसतही नव्हतं.