काखेतलं अवधान

काख दुखते म्हणून कुणी बाई आली, तरी माझी शेजारीण काखेकडे बघतच नसे. आधी पंजा धरायची, उलटा करायची आणि म्हणायची, "जखम कुठं हाय, ते दाखव आदी."

हाताची जखम चिघळली की काखेत गाठ येते. तिला आमच्याकडे अवधान म्हणतात. तामसीकडच्या आमच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांत हे दुखणं घरोघरी, कारण वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत शिरतात. माझी ही शेजारीण एरंडाचं पान तेल लावून गरम करायची, काखेत बांधायची, वर दोन शिव्या द्यायची. शिव्यांनीच निम्मं उतरतं, असं आम्ही म्हणायचो. मी शाळेत शिकवायची म्हणून तिच्यासाठी 'बाई'; ती माझी मावशी. अशी एखादी तुमच्याही गल्लीत असेल.

एकदा आदिलाबादहून डॉक्टरीणबाई बायकांची छाती तपासायला आल्या. लाजणाऱ्यांना मावशीनंच हाकत नेलं. "काऊन लाजून राह्यल्या? ते बी बाईच हाय."

आणि गाठ सापडली ती मावशीच्याच काखेत. छातीत हाताला काही लागलं नाही. डॉक्टरीणबाई हिंदीत बोलल्या, मी मराठीत सांगितलं: अशी गाठ बहुतेकदा जखमेनं, तापानं येते आणि उतरते. पण ही टणक आहे, दुखत नाही. छातीतला कॅन्सर हाताला जाणवायच्या आधीच काखेत पोचला, असंही होतं. आदिलाबादला येऊन छातीचा फोटो काढा, गाठ सुईनं तपासून घ्या.

मावशीनं दोन्ही हात पुढे केले. बोटं टोचून टोचून लाल झाली होती. "हे पाहा, इतक्या जखमा हायेत. आन् दुखत नाई म्हंजे उतरून राह्यलं." मी पुन्हा सांगितलं. ती हसली. गावाची अवधानं उतरवणारीला कोण शिकवणार? पान बांधून ती दुसऱ्या दिवशी वेचणीला गेली.

वेचणी संपली, बोटं भरून आली, गाठ मात्र तशीच राहिली. ऊन तापायला लागलं तशी एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि पंजे पुढे धरले. "बाई, तुमी पाहा. मले दिसत नाई. कुठं तरी जखम असंल."

मी एकेक बोट पाहिलं, कोपरापर्यंत हात पाहिले. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. "नाही मावशी," म्हटलं. ती बराच वेळ हात तसेच धरून बसली.

मग आदिलाबाद झालं, हैदराबाद झालं. दुखणं फार पुढे गेलं होतं. परत आली ती अंथरुणालाच लागली, आणि पुढची वेचणी काही तिनं पाहिली नाही.

जाण्याआधी तिनं गल्लीतल्या बायकांना बोलावलं. सुनेच्या आधारानं उठून बसली, दंड वर केला. "मी सांगत व्हते ते अर्दंच व्हतं," म्हणाली. "जखमेबिगर बी गाठ येते. हात लावून पाहा समद्याजणी." कुणी पुढे होईना. मग एक गेली, दुसरी गेली. माझी पाळी आली तेव्हा मला रडू आवरेना. मी नुसती बोटं टेकवली.

"दाबा, बाई," ती म्हणाली. "चांगलं दाबा. दुखत नाई मले."

मी दाबलं. गाठ दगडासारखी होती, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मला कळलं की नाही ते.