पेटीत अडकलेले हात

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले सरसुद्धा. तिचं काम होतं विजेच्या साहाय्याने एका द्रवातून जर्मेनियमचा पातळ थर पट्टीवर चढवायचं. द्रव म्हणजे खरं तर मीठच, पण खोलीतल्या गारव्यातही पातळ राहणारं. त्याला पाण्याचा अंश लागला की सगळं मुसळ केरात. म्हणून हवा काढून कोरडा वायू भरलेल्या पेटीत काम चालायचं, तिच्या काचेला बसवलेल्या जाड रबरी हातमोज्यांत हात घालून. हात आत गेले की माणूस परस्वाधीन. नाक खाजलं तर ते दुसऱ्याने खाजवायचं, असा तिथला शिरस्ता. नीट खाजवलं नाही म्हणून तिथे भल्याभल्यांचे अबोले झाले होते.

त्या दुपारी पट्टी धरणारा चिमटा सैल निघाला. वीज तुटू नये म्हणून ताई तो दाबून बसली. थर निम्माशिम्मा चढला आणि फोन वाजला. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने तो उचलून तिच्या कानाला लावला.

"आईचं काही खरं नाही गं," दादा म्हणाला. "सारखी तुझंच नाव घेतेय. लगेच नीघ."

"हात अडकलेत रे. एवढं झालं की निघतेच."

दादाने फोन आईच्या तोंडाशी धरला. आधी नुसता श्वास. मग, "असू दे. तुझं आवर आधी." आई जन्मभर हेच म्हणत आली होती आणि ताई जन्मभर ते खरं मानत आली होती.

"ताई, मी धरते चिमटा. तू जा," मैत्रीण म्हणाली.

"हात बदलताना सुटेल."

थर सुरेख आला. सरांनी तोंडभरून कौतुक केलं. ताई पोचली तेव्हा आईच्या अंगावरची चादर तोंडावरून ओढलेली होती. आता रडू येईल, मग येईल, म्हणून ती उभी राहिली. आलं नाही. सगळं बधिर होतं.

नातेवाईक पांगल्यावर दादा शेजारी येऊन बसला. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुमचं ते काम मध्येच सोडता येत नाही ना? मी सगळ्यांना तसंच सांगितलंय."

मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"येतं," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात पुन्हा करता आलं असतं."

दादाने पाठीवरचा हात काढून घेतला.