आधी बहिणीचं दार

दोरा दातांनी तोडत नाही. गिऱ्हाईक बारीक होण्याच्या गप्पा मारू लागलं की माप सैलच घेते. भांडण पेटतंय असं दिसलं की ओठांत टाचण्या धरते. रोज सकाळी बायबलमधलं एक वचन कापड बेतायच्या खडूने टेबलाच्या कडेला लिहिते. तसं वागून झालं की तळहाताने पुसते. काही वचनं दुपारपर्यंत पुसली जातात. काही महिनोन्‌महिने राहतात.

ही आमच्या खालच्या मजल्यावरची शिंपीण. वयाने माझ्या आईएवढी, पण मैत्रीण. मी तिला ताई म्हणते.

त्या आठवड्यात ती चर्चसाठी वेदीवरचं कापड शिवत होती. रविवारी अंथरायचं होतं. तीन कडा झाल्या. चौथीवर मशीन थांबलं. ताई खडूच्या अक्षरांकडे बघत होती. वेदीपाशी दान आणलंस आणि कुणाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर.

कुणाचं, ते मला माहीत होतं. धाकट्या बहिणीने घरच्यांना नको असलेल्या माणसाशी लग्न ठरवलं. थोरल्या भावाच्या शब्दाखातर ताईने तिचा लग्नाचा झगा शिवला नाही. शिंपिणीची बहीण मागून आणलेल्या झग्यात उभी राहिली. तेव्हापासून बोलणं बंद.

ताई उठली. चपला शोधू लागली.

भाऊ दारात आडवा. "कुठे निघालीस?"

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून मशीनजवळच्या टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या.

"धाकटीकडे."

"तिची पायरी चढायची नाही. या घरात माझा शब्द चालतो."

"चालतो ना, दादा. म्हणून तर तो झगा राहिला."

"लोक हसतील."

"हसू देत. तिला रडवलं तेव्हा कुठे गेले होते लोक?"

"आणि कापड? चर्चच्या पाळकसाहेबांना काय सांगू?"

"सांग, वेदी काही थंडीने कुडकुडत नाही."

तो हलला नाही. ती त्याच्या हाताखालून वाकून निघाली. मी मागोमाग.

धाकटीने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "आता काय शिवायला आलीस?"

"काही नाही. चुकले, एवढंच सांगायला आले."

"सांगितलंस ना? जा."

"नाही जात."

ताई पायरीवर बसली. आता रोज जाऊन बसते. रविवारीही बसली. वेदी उघडीच राहिली. मी साहित्य शिकले, वाक्यांचे अर्थ लावायला शिकले. वाक्य वाचून चपला शोधणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

काल आतून खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज आला. पलीकडे कुणीतरी बसलं. दार मात्र बंदच.

परतल्यावर मी म्हटलं, "ताई, ती एक कड मी शिवू?"

"हात लावायचा नाही."

खडूची अक्षरं तशीच आहेत. कापड मशीनखाली आहे. सुई आत रुतलेली, चौथी कड मोकळी.