शिडीने स्वतःला घातलेलं प्लास्टर

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून प्लास्टरची खोली आहे. तिथे एक माणूस गेली बावीस वर्षं लोकांना "घाबरू नका" असं सांगत आला आहे. उंची सहा फूट पाच इंच. टेबलावर आडव्या झालेल्या पेशंटला खालून बघताना हा माणूस कुठे संपतो तेच कळत नाही, आणि त्या आश्चर्यात निम्मं दुखणं विसरायला होतं. सगळं शहर त्याला शिडी म्हणतं. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असावं.

पण शिडीची खरी ओळख प्लास्टरची नाही. सतरा वर्षं तो शहराच्या क्लबकडून बास्केटबॉल खेळला. एकदा अखेरचे चार सेकंद उरलेले असताना त्याने टाकलेल्या चेंडूवर क्लब वरच्या गटात गेला. त्या दिवशी हॉलमध्ये सहाशे माणसं होती. पण "तो चेंडू मी या डोळ्यांनी पाहिलाय" असं सांगणारी माणसं शिडीला आजवर चार हजार तरी भेटली असतील. न्हाव्याच्या दुकानात शिरताना चौकटीला जिथे त्याचं डोकं आपटतं, तेवढ्या जागेला न्हाव्याने पुन्हा रंग दिलेला नाही. नव्या गिऱ्हाइकाला तो ती जागा कात्रीच्या टोकाने दाखवतो.

पाच वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, शिडीचा उजवा गुडघा वाजला. वाजला म्हणजे पलीकडच्या बाकावरच्या माणसांनी मान वळवली इतका वाजला. ऑपरेशन झालं, निरोप समारंभ झाला, भाषणं झाली. गुडघा कसा आहे असं कुणी विचारलं तर शिडी "मस्त" म्हणायचा. मात्र त्या पाच वर्षांत त्याने एकही उडी मारली नव्हती. वाटेत डबकं आलं, तर पोरंबाळं ओलांडून जात आणि हा लांबलचक माणूस वळसा घालून.

त्या सोमवारी क्लबचा सध्याचा उंच खेळाडू घोटा मोडून प्लास्टरच्या खोलीत आला. त्याला धरून आणला होता भोवऱ्याने. भोवरा म्हणजे क्लबचा कोच, शिडीचा जुना जोडीदार, उंची शिडीच्या कोपराएवढी. शिडी ओली पट्टी गुंडाळत होता आणि भोवरा घोट्याकडे बघतच नव्हता. उंच फळीवरच्या डब्याकडे बघावं तसा तो शिडीकडे बघत होता.

"किती दिवस?" भोवऱ्याने विचारलं.

"सहा आठवडे."

"रविवारी मॅच आहे. हरलो तर खालचा गट."

"मग रविवारी हा बाकावर बसून बघेल."

"तो बसेल रे. रिंगखाली उभं कोण राहील?"

"मला काय विचारतोस?"

"तुलाच विचारतोय. पंधरा मिनिटं फक्त. नुसतं उभं राहायचं. ते काम तुला देवाने जन्मतःच अर्धं करून दिलंय."

शिडी "बघू" म्हणाला. आपल्याकडे "बघू" म्हणजे "नाही", हे तान्ह्या पोरालाही कळतं. पण भोवऱ्याने संध्याकाळपर्यंत शहरभर सांगितलं की शिडी उतरतोय.

त्या संध्याकाळी शिडी घाबरला, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

घाबरायलासुद्धा थोडंफार ज्ञान लागतं. शिडीकडे ते बावीस वर्षांचं होतं. उडी मारून खाली येताना पाय किंचित वाकडा पडला की आधी काय फाटतं, मग काय सरकतं, ते त्याला आपल्या घरच्या कपाटातल्या कप्प्यांसारखं पाठ होतं. मंगळवारी जिना उतरताना त्याने प्रत्येक पायरीवर उजवा गुडघा ऐकला. बुधवारी सकाळी, बायको बाहेरच्या खोलीत शिलाईचं यंत्र चालवत असताना, तो स्वयंपाकघराच्या दारापाशी उभा राहिला. एक उडी मारून छताला हात लावायचा, बस. त्याने गुडघे वाकवले. कानांत घणघण सुरू झाली. तो तसाच वाकून राहिला, भूक लागलेल्या बगळ्यासारखा.

"अहो, काय शोधताय?" यंत्र थांबवून बायकोने विचारलं.

"जळमट आहे वर."

"मग काढा की. तुम्हाला तर स्टूलही लागत नाही."

शिडीने मुकाट्याने झाडू घेतला आणि नसलेलं जळमट काढलं.

शहर मात्र खुशीत होतं. न्हावी म्हणाला, "रविवारी दुकान बंद. आमच्या म्हाताऱ्यालाही आणतोय, त्याला दिसत नाही पण ओरडतो छान." औषधाच्या दुकानदाराने उगाचच हात हातात घेऊन दाबला. इस्पितळाच्या मोठ्या सिस्टर, ज्या कुणाशी सहसा दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "शिडी, मी पहिल्या रांगेत बसणार." जो तो एक एक धोंडा आणून त्याच्या छातीवर ठेवत होता, आणि वर हसत होता.

गुरुवारी दुपारी शिडीची पाचावर धारण बसली. शेवटचा पेशंट गेला, मोठ्या सिस्टर साठ्याच्या खोलीत सामान मोजायला गेल्या, आणि शिडीने दाराला आतून कडी लावली. आधी दोन फोन केले. भोवऱ्याला सांगितलं, "अरे, ओल्या फरशीवर घसरलो. उजवा गुडघा पुन्हा गेला. प्लास्टर घालावं लागतंय." मग बायकोलाही तेच, शब्दाला शब्द.

मग टेबलावर बसून त्याने पँट वर केली. कापूस गुंडाळला, पट्ट्या पाण्यात बुडवल्या, पिळल्या, मांडीपासून पोटरीपर्यंत वेढे दिले. हातांना काम पाठ होतं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. ती ऊब गुडघ्याला लागली आणि चार दिवसांत पहिल्यांदा शिडीला बरं वाटलं. सुटलो, असं तो मोठ्याने म्हणालाही. कुबड्या काय, हाताशीच होत्या.

वाटेत लोक हळहळले. न्हावी दुकानातून धावत आला आणि त्याने शिडीला रस्ता ओलांडून दिला. शिडी शरमेने आणि आनंदाने लाल होत घरापाशी पोचला. घर तिसऱ्या मजल्यावर. कुबड्या काखेत मारून, कठडा धरून, एका पायावर पायरी पायरी चढत तो वर गेला.

घरात भोवरा आधीच येऊन बसला होता, तोंड वाळलेलं. बायको शिंपीणबाई, त्यातून हाताची चपळ. फोन आल्याआल्या तिने नवऱ्याच्या दोन लेंग्यांची शिवण उसवून ठेवली होती, म्हणजे प्लास्टरवरून चढायला त्रास नको. तिने लेंगा पुढे केला, नवऱ्याच्या पायांकडे बघितलं, मग लेंग्याकडे बघितलं.

"अहो."

"काय?"

"मी उजवा पाय उसवलाय."

"मग बरोबर."

"प्लास्टर डाव्याला आहे."

शिडीने खाली बघितलं. भोवऱ्याने बघितलं.

झालं असं होतं, की शिडीने आयुष्यभर काम केलं ते पेशंटच्या समोर उभं राहून. समोरच्याचा उजवा पाय नेहमी याच्या डाव्या हाताशी. "उजवा" असा शब्द डोक्यात आला की बावीस वर्षांच्या सवयीने हात डावीकडे जात. घाबरलेल्या माणसाचं डोकं थांबतं, सवय थांबत नाही. त्या सवयीने इमानाने धडधाकट पायाला प्लास्टर घातलं होतं.

"म्हणजे," भोवरा सावकाश म्हणाला, "तू घसरलाच नाहीस."

शिडीने कुबड्या हळूच भिंतीला टेकवल्या.

"साल्या, मी रडलो होतो रे बसमध्ये. शेजारच्या बाईने मला रुमाल दिला."

बायको भोवऱ्यासारखी चिडली नाही. ती जिन्याकडच्या दाराकडे बघत होती. "तीन मजले कुठल्या पायावर चढलात?" तिने विचारलं.

"एका."

"कुठल्या एका?"

शिडीच्या तोंडचं पाणी पळालं. डावा तर प्लास्टरमध्ये होता. इस्पितळापासून घरापर्यंत, मग साठ पायऱ्या, आपलं सगळं लांबलचक वजन त्याने ज्याच्यावर पेललं होतं तो उजवा होता. तो वाजला नव्हता. त्याने कुरकुरसुद्धा केली नव्हती. पाच वर्षं जिच्या आड तो लपला होता, ती भिंत बायकोने दोन प्रश्नांत पाडली होती. आता गुडघ्याचं निमित्त उरलं नव्हतं. नुसती भीती उरली होती, आणि ती उघड्यावर आली होती.

"मग कशाची भीती वाटते?" तिने विचारलं. टोमणा नव्हता आवाजात.

"ते चार सेकंद आहेत ना," शिडी म्हणाला, "लोकांकडे तेवढेच आहेत माझे. न्हावी रोज कुणालातरी सांगतो. रविवारी मी उतरणार, चेंडू वर येणार, आणि माझा हात पोचणार नाही. मग सोमवारपासून न्हावी ते सांगेल. मी रस्त्याने जाईन तेव्हा लोक माझ्याकडे बघायचं टाळतील. दयेने." त्याने प्लास्टरवरून हात फिरवला. "चांगलं प्लास्टर घातलंय, पण. बघ, एक सुरकुती नाही."

भोवऱ्याला हसू आलं आणि ते त्याने दाबलं. "अरे, मला काय वाटतं विचार की," तो म्हणाला. "तुला उतरवला आणि तू पडलास, तर हे सगळे मला खातील. मी रोज पहाटे उठून ओकतोय. पण दुसरा उंच माणूस नाही माझ्याकडे. असता तर तुझ्या दारात आलो नसतो." तो उठला. "नको असेल तर नको म्हण. नुसतं तोंडाने म्हण. पाय कशाला बांधतोस?"

शिडीने तोंड उघडलं. "नको" हा शब्द जिभेच्या टोकावर होता, अगदी तयार. पण दोघंही त्याच्याकडे इतकं शांतपणे बघत होते, की तो शब्द म्हटला तर त्याचं सगळं ओझं आपल्या एकट्यावर येईल, असं त्याला वाटलं. प्लास्टर सोपं होतं.

"सकाळी हे कापून घेतो," तो म्हणाला.

शुक्रवारी प्लास्टर मोठ्या सिस्टरांनी कापलं. त्यांनी कारण विचारलं नाही. डाव्या पायाकडे बघितलं, ओठ आवळले आणि करवत सुरू केली. ती करवत कातडी कापत नाही, नुसती थरथरते. हे शिडीने हजारो लोकांना समजावलं होतं. तरी ती पायाला लागताच त्याने टेबलाची कड धरली आणि डोळे घट्ट मिटले.

"घाबरू नका," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. हे दोन शब्द बोलताना त्यांना किती मजा आली, ते सगळ्या तळमजल्याला कळलं.

रविवारी हॉल भरला. शिडी बाकावर बसला तेव्हा त्याला बुटाची नाडी बांधता येईना. बोटं गार पडली होती. दुसऱ्या भागात भोवऱ्याने खांद्यावर हात ठेवला. लोक उभे राहिले. शिडी आत गेला. तो लोकांचा आवाज ऐकत नव्हता, फक्त आपला उजवा गुडघा ऐकत होता.

पहिला चेंडू रिंगवर आपटून वर उडाला. शिडीने उडी मारली. ती उडी म्हणजे लोकांच्या आठवणीतल्या उडीची धाकटी बहीण होती, फार तर. हात पोचला नाही. समोरच्या संघातल्या एका दांडग्या खेळाडूचा खांदा लागला आणि सहा फूट पाच इंच माणूस आडवा झाला. सहाशे माणसांचा आवाज एकदम बंद पडला. न्हाव्याचा म्हातारा तेवढा ओरडत राहिला, कारण त्याला काही दिसलं नव्हतं.

तो दांडगा खेळाडू वाकला. त्याने हात पुढे केला आणि मनापासून, काळजीने विचारलं, "काका, लागलं का?"

शिडीने आठवडाभर कशाकशाची भीती बाळगली होती. गुडघ्याची, हशाची, दयेची. काका म्हणतील, हे त्याच्या यादीतच नव्हतं. ते शब्द पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मोठ्या सिस्टरांनी तोंडावर रुमाल धरला. शिडी फरशीवर पडल्यापडल्या गुडघ्याचा कानोसा घेत होता. आत सगळं जागच्या जागी होतं. जे व्हायचं ते सगळ्यांच्या देखत होऊन गेलं होतं, आणि तो अजून तिथेच होता, घामाने भिजलेला.

"नाही लागलं," तो म्हणाला आणि तो हात धरून उठला.

पंधरा ठरली होती, तो एकोणीस मिनिटं खेळला. सहा गुण केले. प्रत्येक उडीला तीच भीती वाटत होती. एकदाही कमी झाली नाही. क्लब पाच गुणांनी हरला आणि खालच्या गटात गेला. बाहेर पडताना न्हावी म्हणाला, "तुझी ती उडी अर्धी होती," आणि लगेच, "पण पडलास भारी." बघायचं टाळलं मात्र नाही.

हॉल रिकामा झाल्यावर शिडी बाकावर बसून बूट काढत होता. बायको शेजारी त्याचा टॉवेल धरून उभी. भोवरा जाळीच्या पिशवीत चेंडू भरत होता.

"पुढच्या हंगामात," भोवरा पाठ न वळवता म्हणाला, "खालच्या गटात खेळायचंय. तिथे सगळे तुझ्याएवढेच घाबरट असतात."

"येईन," शिडी म्हणाला. "पण मी घाबरतो, हे तू पोरांना आधीच सांगून ठेव. नंतर कुणी म्हणायला नको."

"सांगायचं कशाला?" भोवरा म्हणाला. "आज सगळ्यांनी बघितलंय."

शिडीने मान हलवली आणि दुसऱ्या बुटाची गाठ सोडायला घेतली. बोटं अजून कापत होती, म्हणून बायको खाली बसली आणि तिने ती सोडून दिली.